संथ लिम्फोमा अचानक उग्र होतो तेव्हा



आपल्या वार्तापत्रासाठी आरोग्यावर काहीतरी लिहा, असा तगादा संपादकांनी माझ्यामागे बरेच दिवस लावला होता. "मधुमेहावर लिहा, कोलेस्टेरॉलवर लिहा, सगळ्यांच्या उपयोगाचं असतं," असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. पण मी पडलो पॅथॉलॉजिस्ट. पेशंट मला क्वचितच भेटतो. भेटतो तो त्याच्या शरीरातला एक छोटासा तुकडा, काचपट्टीवर. त्यामुळे आज जरा वेगळा विषय घेतो. ऐकायला जड वाटेल, पण आपल्यातल्या दोन-तीन कुटुंबांची त्याच्याशी गाठ पडलेली आहे, आणि त्यांतलं एक कुटुंब माझंच आहे.

माझी मोठी बहीण साताऱ्याला असते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ताईच्या मानेवर एक गाठ आली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. ती काढून तपासली तेव्हा निदान झालं फॉलिक्युलर लिम्फोमाचं. भाच्याने काचपट्ट्या मला इकडे पाठवल्या. मी स्वतः त्या पाहिल्या आणि ताईला फोनवर सांगितलं, "अगं, हा संथ आजार आहे. आत्ता औषध नको. फक्त लक्ष ठेवायचं." ते बरोबरच होतं. सात वर्षं सगळं ठीक चाललं. दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची, आणि दर रविवारी आमचा फोन.

मग एका डिसेंबरात ती म्हणाली, "अरे, काखेतली गाठ मोठी झालीये. लिंबाएवढी असेल." मी म्हटलं, "असू दे गं, तुझा आजार संथ आहे. मार्चमध्ये तपासणी आहेच." तीन आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला, रात्री घामाने कपडे भिजायला लागले, ब्लाउज सैल झाले. तिथल्या डॉक्टरांनी ताप, घाम, गाठी आणि उतरलेलं वजन पाहून, गाठ न तपासताच, क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. मी फोनवर "बरं" म्हटलं. आणखी सहा आठवडे गेले. अखेर भाच्यानेच हट्ट धरून तिला पुण्याला नेलं आणि गाठ पुन्हा काढून तपासून घेतली. निदान बदललेलं होतं. संथ लिम्फोमाचा उग्र लिम्फोमा झाला होता.

ज्या गोष्टीवर मी शिकाऊ डॉक्टरांना दरवर्षी तास-तासभर व्याख्यान देत आलो, तीच गोष्ट घरच्या माणसाच्या बाबतीत मी विसरलो. म्हणून हा लेख.

लिम्फोमा म्हणजे काय?

लहानपणी पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण यायचं, ते आठवत असेल. तो फुगलेला गोळा म्हणजे आपली लसिकाग्रंथी. अशा सुमारे सहाशे ग्रंथी मान, काख, जांघ, छाती आणि पोटात पसरलेल्या असतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ती ठाणी आहेत. त्यांतल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी ताळ सोडून वाढू लागल्या की त्याला लिम्फोमा म्हणतात. लंडनच्या गाय हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा ग्रंथींच्या आजाराचं वर्णन केलं, म्हणून एका प्रकाराला त्यांचं नाव मिळालं. बाकी सगळे नॉन-हॉजकिन. या "बाकी सगळे"मध्ये कितीतरी वेगवेगळे आजार येतात. "आमच्या मामांनाही लिम्फोमा होता" एवढ्यावरून म्हणूनच काही ठरवता येत नाही.

इथे दोन शब्दांचा नेहमी घोळ होतो. स्टेज आणि ग्रेड. स्टेज म्हणजे आजार किती पसरला आहे, आणि ग्रेड म्हणजे त्याचा स्वभाव किती आक्रमक आहे. "चौथी स्टेज" ऐकलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण फॉलिक्युलर लिम्फोमा पुष्कळदा सापडतो तोच तिसऱ्या-चौथ्या स्टेजमध्ये, आणि तरीही आज त्यातले अनेक जण पंधरा-वीस वर्षं नेहमीचं आयुष्य जगतात. उलट, उग्र लिम्फोमा पहिल्या स्टेजला सापडला तरी उपचार लगेच सुरू करावे लागतात.

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट. उग्र लिम्फोमा मुळापासून बरा होऊ शकतो, संथ मात्र बहुधा होत नाही. केमोथेरपीची औषधं भराभर दुभंगणाऱ्या पेशींना गाठून मारतात. संथ पेशी दुभंगतच नाहीत फारशा, त्यामुळे काही तरी मागे लपून राहतातच.

"थांबा आणि पाहा" म्हणजे दुर्लक्ष नव्हे

कॅन्सर आहे आणि डॉक्टर औषध देत नाहीत, हे आपल्या माणसांना पचत नाही. "पैसे संपले म्हणून सोडून दिलं का?" असं विचारणारेही भेटतात. पण यामागे भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात त्रास नसलेल्या, पण आजार पसरलेल्या ३०९ संथ लिम्फोमा रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला लगेच गोळ्या, दुसऱ्याला गरज पडेपर्यंत फक्त देखरेख. २००३ साली या अभ्यासाचा दीर्घ काळाचा निष्कर्ष छापून आला. दोन्ही गटांचं आयुष्य सारखंच भरलं. म्हणजे लगेच औषध घेतल्याने आयुष्य वाढलं नाही, फक्त औषधाचा त्रास आधी सुरू झाला.

मात्र त्या नावात दोन क्रिया आहेत, थांबणं आणि पाहणं. आपण पहिली लक्षात ठेवतो आणि दुसरी विसरतो. माझ्या हातून नेमकं तेच झालं.

रूपांतर होतं म्हणजे काय?

या आजाराचा इतिहासच बोलका आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ साली, आणि सिमर्स यांनी १९२७ साली, ग्रंथींमधल्या या गोल गोल पुंजक्यांच्या वाढीचं वर्णन केलं. तेव्हा ती बरीचशी निरुपद्रवी वाढ वाटली होती. पुढे रुग्णांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर कळलं की हा लिम्फोमाच आहे, आणि त्यातल्या काहींमध्ये तो पुढे उग्र रूप घेतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल स्पष्ट दिसतो. संथ आजारात लहान लहान पेशी गोल पुंजके करून बसलेल्या असतात, जणू वाड्यातल्या ठरलेल्या खोल्या. रूपांतर झालं की भिंती पडतात. मोठाल्या पेशींचा नुसता लोंढा दिसतो, आणि जागोजागी पेशी दुभंगताना दिसतात. या रूपाला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा म्हणतात. डिफ्यूज म्हणजे अस्ताव्यस्त पसरलेला.

हे घडतं कसं? फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेकांच्या पेशींमध्ये १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. त्यामुळे बीसीएल-२ नावाचं एक प्रथिन नको तितकं तयार होतं. या प्रथिनाचं काम पेशीला मरणापासून वाचवणं. म्हणजे पेशी फार भराभर वाढत नाहीत, पण वेळ झाली तरी मरत नाहीत. गंमत म्हणजे हाच बदल पुष्कळ निरोगी माणसांच्या रक्तातही अगदी थोड्या पेशींमध्ये सापडतो आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. एकट्या त्या बदलाने आजार होत नाही.

न मरणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं राहिल्या की त्यांच्यात आणखी चुका साठत जातात. टीपी-५३ हे जनुक पेशीचा लगाम आहे. ते बिघडलं की लगाम सुटतो. मिक नावाचं जनुक बेफाम झालं की पेशी धावत सुटते. सीडीकेएन-२ए हरवलं की दुभंगण्यावरचा पहारा उठतो. अशा दोन-तीन चुका एकाच पेशीत जमल्या की त्या पेशीचा वंश बाकीच्यांना मागे टाकतो.

अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून यातली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली आहे. उग्र पेशी पुष्कळदा आपल्याला दिसणाऱ्या संथ गाठीतून सरळ जन्मलेल्या नसतात. दोघींचा एक जुना समान पूर्वज असतो, आणि त्याच्यापासून दोन शाखा वेगळ्या झालेल्या असतात. एकाच घराण्यातली चुलत भावंडं म्हणा ना. त्यामुळे मानेतली गाठ वर्षानुवर्षं शांत असते आणि पोटातली एक गाठ भडकते, असंही होतं. एका ठिकाणचा जुना रिपोर्ट दुसऱ्या ठिकाणच्या नव्या गाठीला लागू पडेलच असं नाही.

किती जणांमध्ये होतं? फॉलिक्युलर लिम्फोमाच्या शंभर रुग्णांमध्ये दर वर्षी साधारण दोन-तीन जणांमध्ये. आकडा लहान वाटतो, पण आजार वर्षानुवर्षं सोबत असतो, तेव्हा बेरीज वाढत जाते. तरीसुद्धा बहुतेकांमध्ये हे रूपांतर कधीच होत नाही, हेही तितकंच खरं. आणि हे पेशंटच्या चुकीने होत नाही. "मी तेव्हा दगदग केली म्हणून", "पथ्य मोडलं म्हणून" असं कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला लावून घेऊ नये.

रिक्टर आणि इतर

असाच प्रकार सीएलएल या संथ रक्ताच्या कॅन्सरमध्येही होतो. मॉरिस रिक्टर या न्यूयॉर्कच्या पॅथॉलॉजिस्टने १९२८ साली त्याचं वर्णन केलं, आणि १९६४ पासून त्याला रिक्टरचं नाव चिकटलं. पाश्चात्त्य लोकांच्या मानाने आपल्या भारतीयांमध्ये सीएलएल बराच कमी आढळतो, पण आढळतो. त्याच्या शंभर रुग्णांमध्ये वर्षाला अर्धा ते एक जण रिक्टरकडे वळतो. इथे एक तपासणी आवर्जून मागावी. नवा उग्र लिम्फोमा जुन्या सीएलएलच्याच वंशातला आहे की स्वतंत्रपणे उपजलेला? साधारण पाचांपैकी चार वेळा तो जुन्याच वंशातला निघतो, आणि तो आवरायला फार कठीण असतो. अशा रुग्णांचं आयुष्य जुन्या अभ्यासांत सरासरी वर्षभराच्या आसपास मोजलं गेलं आहे. स्वतंत्र निघाला तर चित्र पुष्कळ बरं असतं, आणि उपचारांची आखणीही त्यावर ठरते.

लिम्फोमाच्या बाहेर काही दुर्मिळ ट्यूमरही असेच वागतात. पोटाच्या मागच्या भागात खोलवर वाढणारा लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कॅन्सर, वर्षानुवर्षं संथ असतो आणि मग त्याचाच एखादा भाग उग्र होतो. कूर्चेपासून होणाऱ्या काँड्रोसार्कोमातही हे घडतं. मेयो क्लिनिकच्या डालिन आणि ब्यूबाउट यांनी १९७१ साली त्याचं वर्णन केलं. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आनुवंशिक विकार असलेल्यांमध्ये, मज्जातंतूंवरच्या वर्षानुवर्षं असलेल्या गाठींपैकी एखादी उग्र होण्याचा धोका आयुष्यभरात दहांत एकाच्या आसपास असतो. या सगळ्यांत धोक्याची खूण एकच आहे. शांत असलेली गाठ एकाएकी वाढू लागते किंवा दुखू लागते.

घाबरू नका. हातावर, पाठीवर कातडीखाली मऊ चरबीची गाठ असते, ती वेगळी. ती पुष्कळांना असते आणि बहुतेक सगळ्यांची ती जन्मभर तशीच राहते. फक्त ती भराभर वाढली, कडक झाली किंवा खोल गेलेली वाटली, तर दाखवून घ्यावी.

ओळखायचं कसं?

संथ लिम्फोमा असलेल्या माणसाच्या बाबतीत पुढील गोष्टींची वाट पाहू नये, पुढच्या ठरलेल्या तपासणीचीही नाही:

१. बाकीच्या गाठी आहेत तशाच आहेत, पण एक गाठ काही आठवड्यांत मोठी झाली.

२. दुसरं कारण न सापडणारा ताप, अंथरूण भिजेल इतका रात्रीचा घाम, किंवा सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरणं.

३. हाड, आतडं, मेंदू अशा नव्याच ठिकाणी आजार दिसणं.

४. रक्तातलं एलडीएच एकदम चढणं, किंवा कॅल्शियम वाढणं. कॅल्शियम वाढलं की माणूस सुस्त होतो, तहान लागते, बद्धकोष्ठ होतो, कधी बोलणंही असंबद्ध होतं. घरचे म्हणतात, वयोमानाने होतंय.

अशा वेळी पेट स्कॅन करतात. त्यात किरणोत्सर्गी साखर टोचतात. जिथे पेशी सर्वांत हावरटपणे साखर खातात, ती जागा सर्वांत जास्त उजळते. पण पेट स्कॅन म्हणजे निदान नव्हे. तो फक्त "इथून तुकडा घ्या" असं बोट दाखवतो. हाताला सहज लागते ती गाठ काढण्यापेक्षा, जी सर्वांत उजळली आहे ती काढावी.

तुकडा घ्यायचा तोही पुरेसा. बारीक सुईने काढलेल्या पेशी म्हणजे वाड्याच्या चार विटा. विटांवरून वाडा उभा आहे की पडला आहे हे कळत नाही. जमत असेल तर पूर्ण गाठ, नाहीतर जाड सुईने काढलेले दोन-चार तुकडे हवेत.

आता क्षयाबद्दल. भारतात ग्रंथींचा क्षय भरपूर आहे, आणि ताप, घाम, वजन उतरणं ही दोन्ही आजारांची लक्षणं आहेत. तिथल्या डॉक्टरांच्या मनात आधी क्षय येतो यात नवल नाही. तो विचार करायलाच हवा. पण गाठ न तपासता औषध सुरू करणं आणि महिना-दोन महिने "उतार पडतो का पाहू" म्हणणं, हे ज्याला आधीच लिम्फोमा आहे त्याच्या बाबतीत फार महाग पडतं. एकाच गाठीतून दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. काढलेल्या गाठीचा एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे, आणि दुसरा तुकडा फॉर्मेलिनशिवाय, निर्जंतुक सलाइनमध्ये, क्षयाच्या तपासणीकडे. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनला हे एक वाक्य सांगून ठेवलं तर पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

तसंच स्टेरॉइड. गाठ तपासायच्या आधी स्टेरॉइड दिलं की लिम्फोमा तात्पुरता वितळतो, पेशंटला बरं वाटतं, आणि तुकड्यात आम्हाला धड काही दिसत नाही. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी आधी तुकडा, मग स्टेरॉइड.

उपचार, आणि आपली सदाफुली

रूपांतर झालेल्या फॉलिक्युलर लिम्फोमावर सर्वांत जास्त वापरला जाणारा उपचार आर-चॉप. साधारणपणे दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा डोस. त्यातला आर म्हणजे रिटुक्सिमॅब, १९९७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं प्रतिपिंड. चॉपमधली चार औषधं म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोन.

यातलं व्हिन्क्रिस्टिन आपल्या ओळखीचं आहे. ते सदाफुलीपासून मिळतं. हो, तीच, जी तुळशीवृंदावनाशेजारी न लावताही उगवते. जमैकात मधुमेहावर या पानांचा काढा घेतात हे कळल्यावर कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर त्या पानांचा अभ्यास करू लागले. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन जगापुढे आलं, आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. पण म्हणून कोणी सदाफुलीची पानं चावू नयेत. पानात औषध अत्यल्प असतं, किती ते ठरलेलं नसतं, आणि त्यासोबत इतर विषारी द्रव्यंही असतात. खुद्द व्हिन्क्रिस्टिन मिलिग्रॅमच्या हिशोबाने शिरेतूनच देतात आणि जास्त झालं तर नसा निकामी करतं.

ज्यांनी आधी कुठलीच केमो घेतलेली नाही, त्यांना रूपांतर झाल्यावर आर-चॉपचा चांगला उपयोग होतो, मुळात उग्र लिम्फोमा झालेल्यांना होतो तसाच. आणि त्या उग्र लिम्फोमाचे शंभरातले साधारण साठ रुग्ण बरे होतात. आधीच्या उपचारांनंतर रूपांतर झालं तर वाट कठीण असते. अशांसाठी पूर्वी स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण हा मुख्य मार्ग होता. २०१७ साली अमेरिकेत कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. पेशंटच्या टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांना लिम्फोमा ओळखायला शिकवतात आणि परत त्याच्या शरीरात सोडतात. २०२३ मध्ये एपकोरिटामॅब आणि ग्लोफिटामॅब ही दोन औषधं इथे आली. ती टी-पेशीला आणि कॅन्सरच्या पेशीला एकमेकींशी जोडून देतात.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट मुंबईतली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून नेक्सकार-१९ ही भारतीय कार-टी तयार केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. अमेरिकेत २०१७ साली अशा उपचाराच्या नुसत्या औषधाची किंमत ३ लाख ७३ हजार डॉलर होती. मुंबईची किंमत अमेरिकेच्या साधारण एक-दशांश. तीही मध्यमवर्गीय घराला मोठीच आहे, पण आई-वडिलांना उपचारासाठी इकडे आणावं का, या प्रश्नाचं उत्तर आता पूर्वीसारखं सरळ राहिलेलं नाही. परळचा दरवाजाही ठोठावून पाहायला हवा.

इतक्या लांबून आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी बहुतेकांचे आई-वडील, बहीण-भाऊ हजारो मैलांवर आहेत. रोज जाऊन पाहता येत नाही. पण काही गोष्टी इथे बसून करता येतात.

मूळ बायोप्सीचा मेणाचा ठोकळा सांभाळा. लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून ठेवतात. रिपोर्ट म्हणजे फक्त कागद, खरा पुरावा तो ठोकळा. जुन्या आणि नव्या आजाराचा वंश एकच आहे का, हे त्यावरूनच तपासता येतं. काही वर्षांनी लॅब ठोकळे टाकून देतात. म्हणून आधीच पत्र देऊन मागून घ्यावा आणि थंड, कोरड्या जागी ठेवावा. फ्रिजवर किंवा गॅसजवळ नको.

आधीच्या उपचारांची नेमकी नोंद ठेवा. "केमो झाली" एवढं पुरत नाही. डॉक्सोरुबिसिन हृदयावर परिणाम करतं, म्हणून आयुष्यभरात ठरावीक मर्यादेपर्यंतच देता येतं. आधी किती दिलं हे माहीत नसेल तर पुढचे डॉक्टर अडतात.

रिटुक्सिमॅबच्या आधी हेपटायटिस-बीची तपासणी झाली का, हे विचारा. जुना, शरीरात लपलेला बी-विषाणू या औषधाने उसळू शकतो आणि यकृत निकामी करू शकतो. तपासणी साधी रक्ताची आहे, आणि विषाणू सापडला तर गोळ्यांनी तो काबूत ठेवता येतो.

फोनवर "कशी आहेस?" विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, "मी बरी आहे, तुम्ही काळजी करू नका." त्याऐवजी नेमकं विचारा. या आठवड्यात वजन किती भरलं? रात्री कपडे बदलावे लागले का? कुठली गाठ वाढली का? लिंबाएवढी म्हणजे कागदी लिंबू की ईडलिंबू? हसू नका, मी खरंच सांगतोय.

आणि आजाराचं नाव पेशंटला सांगा. आपल्याकडे "तिला सांगू नका, धीर सोडेल" म्हणतात. पण ज्याला आपल्याला काय आहे हेच ठाऊक नाही, तो कशावर लक्ष ठेवणार? ताईला सगळं ठाऊक होतं. म्हणून तर तिने डिसेंबरातच मला गाठ सांगितली. न ऐकणारा मी होतो.

शेवटी इतकंच लक्षात ठेवा. संथ आजारावर थांबण्यात काही गैर नाही. पण काही अचानक बदललं, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका, नवा तुकडा तपासायला सांगा. हा लेख माहितीसाठी आहे. आपल्या माणसाला काय करायचं ते त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

ताईने आधी केमो घेतलेली नव्हती, हे तिचं नशीब. आर-चॉपचे सहा डोस झाले, केस गेले, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, त्या थोड्या अजूनही आहेत. उपचार संपून आता चार वर्षं झाली आणि उग्र आजार परतलेला नाही. संथ आजार कुठे दडून बसला असेल तर असेल, त्यावर लक्ष आहे. हल्ली रविवारी फोन उचलल्या उचलल्या ती आधी आपलं वजन सांगते, आणि मग विचारते, "आता तुझं सांग. पोट कमी झालं का?"

कळावे, लोभ असावा.